बावतीसकाकांचा लाल टॅग

आखातात रुवैसच्या प्लँटमध्ये मी प्लॅनिंग इंजिनियर म्हणून रुजू झाले, आणि दुसऱ्याच आठवड्यात बावतीस लोपीस या माणसाने माझं पहिलं शेड्यूल मातीत घातलं. सकाळी सात वाजता एका टाकीची परांची कामाला खुली होणार, असं मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं. अकरा वाजले तरी ती बंदच. मी नवे कोरे बूट घालून, कपाळावर आठ्या घालून तिथे पोचले, तर एक किडकिडीत, पायात किंचित फेंगडा असा माणूस पाइपावर कान टेकवून उभा.

"सातला द्यायचं ठरलं होतं," मी इंग्रजीत सुनावलं.

त्याने माझ्या हेल्मेटवरचं नाव वाचलं आणि मराठीत म्हणाला, "बाय, तुझ्या कॉम्प्युटरात सात वाजलेत. माझ्याकडे अजून तीन क्लॅम्प बाकी आहेत."

मी तणतणत परत आले. तीन क्लॅम्प संपायला दीड तास लागला. पुढची सहा वर्षं मी या माणसाशी भांडत राहिले आणि बहुतेक वेळा हरले, हे आधीच सांगून टाकते.

बावतीसकाका परांचीचे इन्स्पेक्टर होते. प्लँटमध्ये उंचावर काही काम निघालं की पाइप आणि फळ्यांची परांची उभी राहते. इन्स्पेक्टर ती तपासतो आणि शिडीच्या पायथ्याशी टॅग लावतो. हिरवा असेल तर चढा, लाल असेल तर चढू नका. एवढंच. टॅगवर नाव, तारीख आणि खाली शेऱ्यासाठी एक ओळ असते. त्या ओळीत बाकीचे इन्स्पेक्टर 'काम अपूर्ण' यापलीकडे काही लिहीत नसत. काही जण परांची खालूनच बघून सही करत. काकांचा हिशेब निराळा होता. "हात फिरवल्याशिवाय सही नाही," असं म्हणत ते प्रत्येक क्लॅम्पला हात लावत. प्रत्येक मजल्यावर थांबून खाली बघत. वर कधी बघायचे नाहीत. वर काय आहे ते वर गेल्यावर कळतंच, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या अंगावरची प्रत्येक वस्तू दोरीने बांधलेली असायची. उंचावरून काही पडू नये म्हणून स्पॅनर बांधतात, ते ठीक. काकांचा चष्मा बांधलेला, पेन बांधलेलं, मोबाइल बांधलेला. सुट्टीच्या दिवशी मॉलमध्ये दिसले तर पाकीटही पट्ट्याला बांधलेलं. चर्चमध्ये प्रार्थनेचं पुस्तकसुद्धा ते मनगटाला दोरी गुंडाळून धरतात, असं त्यांच्या रूममेटने मला सांगितलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, "सवय. देवाला काय फरक पडतो?" वसईहून परतताना ते सुकेळी आणत, केळीच्या सोपटात बांधलेली. तीही अशी आवळून बांधलेली, की सोडवायला मला कात्री लागायची. माझी मुलगी "अंकल, व्हाय सो मेनी नॉट्स?" म्हणून हैराण व्हायची.

लाल टॅग ज्याने लावला त्यानेच काढायचा, हा त्यांचा नियम. कंपनीच्या पुस्तकात तो नव्हता. पुस्तकाप्रमाणे कुठलाही अधिकृत इन्स्पेक्टर टॅग बदलू शकत होता. पण फुजैऱ्याकडे एका यार्डात असताना काकांनी लावलेला लाल टॅग दुसऱ्या कुणी फोनवर विचारून काढला होता. काका त्या दिवशी सुट्टीवर. सुट्टीवरून आले तेव्हा एक माणूस पडून गेलेला होता. त्याचं नाव त्यांनी मला कधी सांगितलं नाही. नोव्हेंबरात चर्चमध्ये मृतांच्या नावांची यादी देतात, तीत ते दरवर्षी ते नाव घालत. तेव्हापासून ते जिथे गेले तिथे हा नियम घेऊन गेले. रुवैसमध्येही दोन-तीन वर्षांत तो सगळ्यांच्या अंगवळणी पडला. मॅनेजर बदलले, ठेकेदार बदलले, पण लोपीस अंकलचा लाल टॅग असला की कुणी शिडीवर पाय ठेवत नसे.

आता कावळ्यांचं सांगते.

सखाराम घडशी हा परांची बांधणाऱ्यांचा फोरमन, राजापूरकडचा. त्याचे वडील गेले तेव्हा प्लँट बंद ठेवून दुरुस्तीचं मोठं काम चाललं होतं आणि त्याला वेळेवर जाता आलं नाही. गावी भावाने सगळं केलं. पण दहाव्या दिवशी आपणही इथे घास ठेवावा, असं घडशीच्या मनाने घेतलं. त्यासाठी कावळा हवा, आणि रुवैसमध्ये कावळा कुठून आणायचा? फुजैऱ्याला बंदरावर आपले गावकावळे हवे तेवढे. "बोटींवर बसून आले ते," काका सांगायचे. "तुझ्यामाझ्यासारखेच. फक्त व्हिसा नाही, म्हणून सरकार त्यांच्या मागे लागलंय." पण फुजैरा पडलं देशाच्या त्या टोकाला.

काका ख्रिस्ती. त्यांच्यात पिंड नाही आणि कावळाही नाही. तरी आपली सुट्टी मोडून त्यांनी पिकअप काढली आणि घडशीला उंटांच्या एका गोठ्यापाशी घेऊन गेले. तिथे काळे पक्षी बसतात, हे त्यांनी येता-जाता पाहून ठेवलं होतं. घडशीने कागदी ताटलीत भात ठेवला. दोन काळे पक्षी कुंपणावर बसले होते. तासभर त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. घडशी हात जोडून बापाला एकेक वचन देत होता. घर बांधीन, धाकट्याचं लग्न करीन, दारू सोडीन. पक्षी ढिम्म.

शेवटी काका म्हणाले, "घडशी, तुझ्या बापाला खायला काय आवडायचं?"

"सुकट."

काकांनी गाडीतून स्वतःचा डबा आणला आणि भातावर सुकट वाढली. दोन पावलं मागे येतात न येतात, तोच एक पक्षी उतरला आणि भाताला न शिवता तेवढी सुकट उचलून गेला. घडशी ढसाढसा रडला. परतताना काका त्याला म्हणाले, "बाकीची वचनं आता विसर. दारूचं तेवढं लक्षात ठेव." ही गोष्ट घडशीनेच मला हसत हसत आणि डोळे पुसत सांगितली.

पण काकांच्या डोक्यात तो पक्षी बसला. आपल्या कावळ्यापेक्षा मोठा, आवाज घोगरा, आणि उन्हात मान वळवली की मानेवर तपकिरी झाक. आमचे एमिराती सुपरवायझर बू राशिद निवृत्तीला आलेले, जुन्या लोकांसारखी छान हिंदी बोलणारे. काकांनी त्यांना विचारलं. बू राशिद म्हणाले, हा वाळवंटातला डोमकावळा, इथलाच. "हम छोटा था तब इधर प्लँट नहीं था. बाप के साथ मछली के लिए आता था. वो पहाडी पे हर सर्दी में इसका घोसला होता था." मग रस्ते आले, टाक्या आल्या, रात्रभर जळणारे दिवे आले. पक्षी कचऱ्यावर खायला येत राहिले, घरटं मात्र कुणी केलं नाही. "चालीस साल हो गया, लोपीस. खाने को आता है, रहने को नहीं."

त्या दिवसापासून काका गोठ्यापाशी गाडी थांबवायला लागले. मी त्यांना चिडवायचे की या वयात पक्षी बघायचा नाद लागला. ते म्हणायचे, "बघायला काय व्हिसा लागतो?"

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. कुंपणाजवळ एक जुना रेडिओ मनोरा होता. कित्येक वर्षं बंद. नवी पाइपलाइन टाकायची म्हणून तो कापायचा ठरला. घडशीच्या माणसांनी त्याच्याभोवती टोकापर्यंत परांची उभी केली, काकांनी हिरवा टॅग लावला, आणि नेमकी क्रेन दुसऱ्या साइटवर अडकली. काम महिनाभर थांबलं. काम थांबलं तरी परांचीची तपासणी दर आठवड्याला करावी लागते, म्हणून काका चढत राहिले. जानेवारीतल्या एका सकाळी ते माझ्या केबिनमध्ये आले. कधी बसत नसत, त्या दिवशी बसले.

"बाय, वर घरटं केलंय. डोमकावळ्याने. अंडी पण घातलीत, चार."

त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. स्वतःच्या घरात पाळणा हलल्यासारखे ते बसले होते. घरटं कशाचं केलंय तेही त्यांनी मला सांगितलं. काटक्या, केबल बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, आमचीच बांधणीची तार, आणि आत मऊ म्हणून उंटाचे केस.

मी काय केलं? रोजचा रिपोर्ट समोर उघडा होता. काम का थांबलंय त्याच्या रकान्यात लिहायला मला काहीतरी हवंच होतं. मी लिहिलं, 'जुन्या मनोऱ्यावर कावळ्याचं घरटं, काढून टाकणे.' आणि पाठवून दिलं. मी ठाण्यात वाढले. काळा पक्षी दिसला की कावळा, एवढंच माझं पक्षिज्ञान. इथे बोटीतून आलेला आपला कावळा उपद्रवी ठरवलाय आणि त्याचं घरटं दिसलं की तातडीने काढतात, हे फुजैऱ्याबद्दल मी काकांच्याच तोंडून ऐकलं होतं. तरी लिहिताना डोक्यात आलं नाही. बू राशिदनी काय सांगितलं होतं तेही आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरटी काढणाऱ्यांची व्हॅन आली. लांब काठी, आकडा आणि पोतं घेऊन दोन माणसं मनोऱ्यापाशी उभी राहिली. घडशीचा फोन आला तशी मी धावत गेले. काका शिडीपाशी उभे होते. त्यांनी स्वतःचा हिरवा टॅग काढला होता आणि लाल टॅगवर दोरी लावलेल्या पेनाने सावकाश लिहीत होते. शेऱ्याच्या ओळीत त्यांनी इंग्रजीत लिहिलं, 'वर घरटं आहे. अंडी चार. इथलाच पक्षी. चढू नये.' खाली सही, तारीख. मग व्हॅनवाल्यांना म्हणाले, "भाई, खलास. आज नहीं." ते बिचारे चहा पिऊन निघून गेले.

माझ्याकडे वळून म्हणाले, "रिपोर्ट तू लिहिलास?"

मी हो म्हणाले. मला फार लाज वाटली. त्यांनी पेनाची दोरी गुंडाळली आणि पेन खिशात ठेवलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुपारी प्रोजेक्ट मॅनेजरने बोलावलं. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. "लोपीस, ये क्या है? स्कॅफोल्ड में कुछ फॉल्ट है?"

"नहीं सर. एकदम ठीक है."

"तो रेड क्यों?"

"ऊपर जाने का नहीं है, इसलिए."

मॅनेजरने मान हलवली आणि आवाज खाली आणला. "देखो, लिख दो कि दो-चार क्लॅम्प ढीले हैं. दो-तीन दिन मिल जाएँगे, फाइल भी साफ रहेगी. तब तक इसका कुछ सोचते हैं."

खरं तर ही मदतच होती. मी मनात म्हटलं, काका, घ्या ना. काका म्हणाले, "क्लॅम्प ढीले नहीं हैं, सर. मैंने खुद टाइट किए हैं."

मग मात्र मॅनेजर भडकला. त्याने दुसऱ्या इन्स्पेक्टरला, एका फिलिपिनो माणसाला, टॅग बदलायला पाठवलं. मी सोबत होते. तो शिडीपाशी गेला, टॅग वाचला, पुन्हा वाचला आणि "नॉट माइन, मॅडम," म्हणून परत फिरला. मग मॅनेजरने स्वतः येऊन घडशीला विचारलं, तर तो आपल्या माणसांसकट सावलीत बसून होता. "सर, लोपीस अंकल का रेड है," एवढंच म्हणाला. पुढे सांगायला काही उरलंय असं त्याला वाटतच नव्हतं.

संध्याकाळी बू राशिद आले. गाडीतूनच दुर्बीण लावून बराच वेळ बघत बसले. मग अरबीत दोन फोन केले. दोन दिवसांनी पर्यावरण खात्याची माणसं आली, फोटो काढले आणि लेखी देऊन गेली की पिल्लं उडेपर्यंत घरट्याला हात लावायचा नाही. मनोऱ्याचं काम थांबलं. मी पाइपलाइनचं काम दुसऱ्या टोकाकडून सुरू करून दिलं. शेड्यूलमधल्या पट्ट्या इकडच्या तिकडे सरकवायला मला एक दुपार लागली. हे मी आधीही करू शकले असते.

काकांना त्याची किंमत मोजावी लागली. त्यांना साठ वर्षं पूर्ण होत होती आणि एका वर्षाची मुदतवाढ ठरल्यात जमा होती. तो कागद आलाच नाही. का, ते कुणी सांगितलं नाही. मार्चअखेर त्यांनी जायचं होतं. मी मॅनेजरशी बोलते म्हटलं तर म्हणाले, "नको. चालायचंच." मग थोड्या वेळाने म्हणाले, "घरी जाऊन करू काय, हाच प्रश्न आहे. वाडी भाऊ बघतो. आणि पुढच्या हिवाळ्यात ही जोडी इथेच येणार. तेवढं बघायचं होतं." त्यांना ती नोकरी हवी होती, हे मला ठाऊक होतं. त्यांनी ते लपवलंही नाही.

फेब्रुवारीत पिल्लं निघाली, चारातली तीन. काका जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन कुंपणापाशी बसत. आधी घडशी त्यांच्या शेजारी बसायला लागला, मग मी. परांचीवर कुणी जात नव्हतं, त्यामुळे आई-बापाला आमची सवय झाली. नर आला की मादी घशातून टॉक टॉक असा आवाज काढी. मार्चच्या मध्यावर पिल्लं काठावर येऊन पंख झाडायला लागली. एक दिवस पहिलं उडालं ते थेट पाइपांच्या रांगेवर उतरलं आणि तिथेच बसून राहिलं. काकांनी हात आडवे करून फोर्कलिफ्ट थांबवली. ड्रायव्हर पठाण होता. "हबीबी, क्या हुआ?" म्हणून ओरडला, मग खाली उतरून तोही बघत उभा राहिला. दहा दिवसांत तिन्ही उडाली आणि उंटांच्या गोठ्याकडे दिसायला लागली. जोडी मात्र रोज सकाळी मनोऱ्यावर येऊन बसायची.

काकांचे दोन दिवस उरले होते. जेवताना घडशीने विषय काढला. बहुतेक मनात घोळवून ठेवलेला असावा.

"अंकल, तो टॅग आहे तसाच राहू द्या. तुम्ही लावलाय, तुम्हीच काढायचा. तुम्ही गेल्यावर काढणार कोण? मनोरा उभा राहील. पुढच्या वर्षी परत घरटं होईल."

मलाही ते पटलं. उत्साहात मी म्हणाले, "काका, मी मनोऱ्याचं कामच शेड्यूलमधून काढते. लाइन तीन मीटर अलीकडून जाऊ शकते. कुणी विचारणार नाही." माझ्या त्या रिपोर्टची भरपाई करायची ही संधी होती, हेही खरं.

काकांनी डबा खाली ठेवला. सहा वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं.

"टॅगवर काय लिहिलंय मी? वर घरटं आहे, अंडी चार. आहेत अंडी? पिल्लं आहेत? लाइन सरकवायची असेल तर सरकव तू. वर जाऊन सांग, कागदावर सांग, सही कर. पण माझ्या टॅगमागे लपून नाही. हा लाल खोटा आहे हे आज तुम्हा दोघांना माहीत आहे. महिन्याभरात सगळ्या साइटला कळेल. मग पुढचा लाल बघून घडशी, तुझाच माणूस म्हणेल, असेल कुठलातरी पक्षी. आणि चढेल."

घडशीने मान खाली घातली.

मी खरंच वर जाऊन सांगितलं. कागदावर, सही करून. मॅनेजरने वाचलं आणि क्रेन परवा येतेय, आता उशीर झाला, म्हणून परत दिलं. बू राशिदनी पहाडीवर एखादा खांब उभारायचा प्रयत्न करतो म्हटलं. "इन्शाल्ला," म्हणाले. काकांनी घरट्याची उंची, रुंदी आणि कुठल्या दिशेला आडोसा आहे, ते सगळं मोजून त्यांच्या हातात कागद दिला.

शेवटच्या दिवशी सकाळी काका मनोऱ्यावर चढले. एरवीसारखेच, प्रत्येक मजल्यावर थांबत, प्रत्येक क्लॅम्पवर हात फिरवत. वर पोचल्यावर दहा-एक मिनिटं तिथे होते. जोडी त्यांच्या डोक्यावरून घिरट्या घालत घोगऱ्या आवाजात ओरडत होती. उतरले तेव्हा हात रिकामे होते. घरट्यातली एक काडीसुद्धा त्यांनी आठवण म्हणून आणली नव्हती. त्यांनी लाल टॅग सोडला, खिशात ठेवला. हिरवा टॅग लिहिला, सही केली, दोरीची गाठ आवळली.

"मला फार वाईट वाटतंय, बाय," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायची घाई त्यांना नव्हती.

घडशीची माणसं कापायचं सामान घेऊन उभी होती, पण पुढे कुणी येईना. टॅग हिरवा होता तरी. मग काकांनीच शिडी एका हाताने धरली आणि म्हणाले, "यल्ला. चला, मी आहे इथे."

पहिला माणूस चढला, मग दुसरा. पक्षी आता अगदी खाली येऊन ओरडत होते आणि आम्ही सगळे माना वर करून त्यांच्याकडे बघत होतो. काकांनी एकदाही वर पाहिलं नाही. शिडी धरून, शेवटचा माणूस वर पोचेपर्यंत, ते घडशीला सांगत राहिले, "पाय बघ त्याचे. पक्षी नको बघूस, घडशी. पाय बघ."